सूचनापेटी रिकामी का राहते? माणसं, कामाची संस्कृती आणि नवकल्पना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतले छोटे-मध्यम कारखानदार, सुपरवायझर, एचआरची मंडळी आणि आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं हे प्रश्न फिरून फिरून पाठवतात. अधूनमधून आयटीवाले आणि सरकारी कार्यालयांतले वाचकही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे क्रमांक दिला आहे. सगळं सलग वाचायलाच हवं असं नाही, पण तिसरा प्रश्न सोडू नका.

१. नवकल्पना म्हणजे मोठा शोध ना? पन्नास माणसांच्या आमच्या वर्कशॉपचा तिच्याशी काय संबंध?

इथे आपण कामाच्या अशा नव्या रीतीबद्दल बोलतोय जी खरोखर वापरात आली आणि जिच्यामुळे वेळ, माल, त्रास किंवा धोका कमी झाला. ती जगात पहिल्यांदा झालेली असण्याची गरज नाही. तुमच्या शॉपमध्ये पहिल्यांदा झाली तरी पुरे.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याचं १९६१ मधलं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात दोन बटणांचा एक छोटा स्विच जोडला जायचा आणि प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग बसवायची असायची. कधीतरी एखादी स्प्रिंग राहून जायची. ग्राहकाची तक्रार आली की कामगारांना ‘लक्ष देऊन काम करा’ असा दम मिळायचा, थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. शिंगोंनी सुचवलं की आधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवा आणि मगच जोडणी सुरू करा. स्विच तयार झाला आणि बशीत स्प्रिंग उरली, तर चूक तिथल्या तिथे कळते. खर्च काय, तर एक बशी. आज आपल्याकडच्या शॉपमध्येही ज्याला सगळे पोका-योके म्हणतात ते हेच. तुमच्या पन्नास माणसांच्या वर्कशॉपमध्ये अशा बशीची वाट पाहणाऱ्या जागा असणारच.

२. नवीन काही काढणं हे डिझाइनवाल्यांचं काम. ऑपरेटर किंवा हेल्पर काय सांगणार?

जयपूर फूट कसा झाला ते पाहा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिशल्यविशारद होते, आणि रामचंद्र शर्मा हे फारसं शालेय शिक्षण नसलेले कारागीर. तोवरचे कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बनवलेले होते. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, चिखलात अनवाणी चालणं त्यांत जमायचं नाही. रबराच्या पायाला रूप दिलं ते शर्मांच्या हातांनी. शरीरशास्त्र डॉक्टरांना ठाऊक होतं. कुठलं साहित्य कसं वळतं आणि कुठे फाटतं, ते कारागिराला. एकट्याने दोघांपैकी कोणालाही ते साधलं नसतं. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मात्र सेठींना मिळाला आणि शर्मांचं नाव बराच काळ मागेच राहिलं. हा श्रेयाचा प्रश्न जगभर आहे, त्यावर प्रश्न १५ मध्ये लिहिलं आहे.

मशीनचा आवाज बदलल्याचं ऑपरेटरला आधी कळतं, ड्रॉइंग काढणाऱ्याला नंतर. तो ते सांगत नाही याचं कारण बहुतेक वेळा त्याला कोणी विचारलेलं नसतं. किंवा विचारलेलं असतं आणि पुढे काहीच घडलेलं नसतं.

३. आम्ही सूचनापेटी लावली. पहिल्या महिन्यात भरून वाहिली, आता महिनोन्‌महिने रिकामी. कामगारांना इंटरेस्टच नाही असं समजायचं का?

पहिल्या महिन्यात पेटी भरली होती, म्हणजे इंटरेस्ट होता. ज्यांनी चिठ्ठ्या टाकल्या त्यांना उत्तर किती दिवसांत मिळालं, एवढं तपासा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळालेलंच नसतं. चिठ्ठ्या एचआरकडे जातात, एचआर त्या एका एक्सेलमध्ये भरतं, समितीची बैठक पुढे ढकलली जाते आणि तोवर चिठ्ठी टाकणारा मनाशी ठरवून मोकळा होतो की ‘आपलं काय जातंय.’ तुमच्याकडे कल्पना भरपूर आल्या होत्या. त्यांना उत्तर द्यायची सवय नव्हती.

टोयोटाची सूचना योजना जगभर नावाजली जाते, पण मूळ कल्पना अमेरिकन आहे. एइजी तोयोदा १९५० मध्ये फोर्डचा रूज इथला कारखाना पाहून आले आणि पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, टोयोटात तशी योजना सुरू झाली. कामगाराने सुचवलं की त्याचा थेट वरिष्ठ ते ऐकतो, नीट मांडायला मदत करतो आणि करून पाहायला लावतो, हा तिथला रिवाज झाला. तो उचलायला जपानला जावं लागत नाही.

उद्यापासून काय करता येईल? चिठ्ठी समितीकडे न जाता आधी सुपरवायझरच्या हातात जाऊ द्या. आठ दिवसांच्या आत उत्तर द्यायचं आणि उत्तरं तीनच: ‘करतोय’, ‘करत नाही, कारण हे’, ‘अजून माहिती हवी, अमुक दिवशी बोलू’. यांतलं दुसरं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे. कारणासकट मिळालेला नकार माणूस पचवतो आणि पुढची चिठ्ठी जास्त विचार करून लिहितो. दगडावर डोकं आपटल्यासारखं वाटलं की तो पुन्हा लिहीत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. दीड हजाराच्या ब्रॅकेटसाठी पर्चेसच्या तीन सह्या लागत असतील तर सगळी योजना तिथेच मेली. सुपरवायझरला दरमहा ठरावीक रक्कम कोणाला न विचारता खर्च करू द्या. तो पैसे उडवेल ही भीती असेल तर त्याला सुपरवायझर केलंत कशाला?

फॉर्म तीन ओळींचा ठेवा: आत्ता काय होतं, काय बदलावं, कशाने कळेल की बरं झालं. मराठी, हिंदी, जमेल त्या भाषेत. लिहिता येत नसेल तर फोनवर बोललेलंही चालेल. ट्रायल शक्यतो सुचवणाऱ्याच्याच हातून घ्या, नाहीतर टूलरूमवाल्याने ‘चालत नाही’ म्हटलं की विषय संपतो.

आणखी एक. सूचना आणि तक्रारी एकाच पेटीत घेऊ नका. निनावी तक्रारीला वेगळी वाट हवी. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ते काम पेटीवर ढकलता येत नाही.

४. चांगल्या सूचनेला बक्षीस किती द्यावं? बचतीचा टक्का दिला तर चालेल?

टक्का ऐकायला न्याय्य वाटतो, पण मग वर्षभर बचतीच्या आकड्यावरून भांडणं होतात. शिवाय सुरक्षेची सूचना, जिच्यामुळे कोणाचं बोट वाचलं, तिची बचत रुपयांत येत नाही, त्यामुळे ती नेहमी मागे पडते. माझं मत असं की अमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला छोटी आणि सारखी रक्कम द्यावी, महिन्याच्या आत, सगळ्यांसमोर, सुचवणाऱ्याचं नाव घेऊन. खरोखर मोठी बचत झाली तर वर्षअखेरीस वेगळा विचार करा आणि त्यात ट्रायलला मदत करणाऱ्यांनाही धरा. कल्पना एकाची असली तरी ती चालवून दाखवायला मेंटेनन्सवाला, सेटर आणि स्टोअरवाला लागलेला असतो. पेटंट होऊ शकेल अशी गोष्ट असेल तर हिशेब वेगळा, प्रश्न १४ पाहा.

सूचनेमुळे वाचलेल्या वेळाच्या बदल्यात लगेच टार्गेट वाढवलं किंवा माणूस कमी केला, तर कितीही बक्षीस द्या, पेटीत पुन्हा काही पडणार नाही. कामगार हे गणित साहेबांपेक्षा आधी मांडतो.

५. मीटिंगमध्ये सगळे गप्प. ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं.’ त्यांना बोलतं कसं करायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि विचारणारे बहुतेक जण स्वतःच मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी बोलणारे असतात.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. हाती आलं उलटंच: ज्या टीमचं आपसात चांगलं होतं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. उलगडा असा की तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या, बोलून दाखवत होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी याच धाग्यावर मानसिक सुरक्षिततेचा शोधनिबंध लिहिला: आपण प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळं मत मांडलं तर आपला पाणउतारा होणार नाही, ही टीममधल्या माणसांची खात्री.

करायचं काय? सर्वांत वरच्या माणसाने सर्वांत शेवटी बोलावं. ‘बरोबर ना?’ असं विचारलं की ‘हो साहेब’ हेच उत्तर येतं. ‘यात पहिली अडचण कुठे येईल?’ असं विचारलं की माणूस विचार करतो. शक्य तिथे केबिनमध्ये न बोलावता मशीनपाशी जाऊन विचारा, कारण तिथे तो दाखवू शकतो आणि अवघडत नाही. बिहार-ओडिशाहून आलेल्या माणसाशी मराठीत मीटिंग घेऊन तो बोलत नाही म्हणणं बरोबर नाही. आणि पहिल्यांदा कोणी विरोधात बोललं तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढचे सहा महिने त्यावर ठरतात.

६. चुका माफ करत बसलो तर शिस्त राहील का?

तीन प्रकार वेगळे करा. नियम माहीत असून मोडला, हेल्मेट घातलं नाही, गार्ड काढून मशीन चालवलं, ही बेशिस्त. तिला माफी नको. मशीनची किंवा पद्धतीची रचनाच अशी की कोणाकडूनही चूक होईल, तिथे माणसाला झापून उपयोग नाही. प्रश्न १ मधली बशी शोधा. तिसरा प्रकार म्हणजे विचार करून, सांगून केलेला आणि फसलेला प्रयोग. त्याला शिक्षा केलीत तर पुढचा प्रयोग होणार नाही.

तिसऱ्या प्रकाराचं आपल्या घरचं उदाहरण एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या यानाचं. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेलं पहिलं उड्डाण फसलं आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्प संचालक अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला तेव्हा धवन यांनी पत्रकार परिषदेला कलामांना पुढे केलं. कलाम हा प्रसंग पुढे अनेक भाषणांत सांगत. व्हॉट्सॲपवर तो एवढाच फिरतो. त्या दोन तारखांच्या मधल्या अकरा महिन्यांत बिघाड कुठे झाला याची कसून चौकशी झाली होती, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. माणसाला पाठीशी घालणं आणि बिघाडाला पाठीशी घालणं यांत गल्लत करू नका.

टाटा समूहात दरवर्षी नवकल्पनांच्या स्पर्धेत ‘डेअर टू ट्राय’ नावाचा गट असतो, नेटाने केलेल्या पण यशस्वी न झालेल्या प्रयत्नांसाठी. छोट्या कारखान्यात वेगळा पुरस्कार कशाला हवा? ट्रायलची मर्यादा आधी ठरवा: किती पीस, कोणत्या शिफ्टला, कोण तपासणार, आणि ट्रायलचा माल डिस्पॅचला जाणार नाही याची खूण कोणती. एवढं ठरलं की फसलेल्या प्रयोगाची किंमत आधीच माहीत असते आणि आरडाओरडा होत नाही.

७. हे सगळं जपान्यांना जमतं. आपल्या माणसांची वृत्तीच वेगळी, नाही का?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, संप आणि खराब मालासाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो न्यूमी या नावाने पुन्हा सुरू केला आणि कामावर घेतले ते बव्हंशी तेच कामगार, युनियनही तीच. बदललं ते हे की गडबड दिसली तर कामगार दोरी ओढून मदत मागू शकत होता, गरज पडली तर लाइन थांबत होती, आणि दोरी ओढल्यावर टीम लीडर ‘काय झालं, मी काय करू?’ म्हणत धावत येत होता. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या सर्वोत्तम कारखान्यांच्या बरोबरीला गेला. माणसं तीच असताना हे झालं, तेव्हा वृत्तीचं कारण फार ताणू नये.

आता दुसरी बाजू, जी सहसा सांगितली जात नाही. मारुतीने १९८३ पासून सुझुकीच्या धर्तीवर सगळ्यांना एक गणवेश, एक कॅन्टीन असा रिवाज आणला आणि त्याचं तेव्हा खूप कौतुक झालं. त्याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात २०११ मध्ये संप झाले आणि जुलै २०१२ मधल्या हिंसेत एका व्यवस्थापकाचा जीव गेला. कायम आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनातली तफावत हा तिथल्या असंतोषाचा मोठा मुद्दा होता. एकत्र जेवल्याने पगारातली दरी बुजत नाही.

आणि विश्वासाची परंपरा फक्त जपानची आहे असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या मदतीने माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी काम दिलं होतं.

८. आमच्याकडे निम्मी माणसं कंत्राटी. काही महिन्यांत जाणार. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

नवा माणूस पहिल्या पंधरा दिवसांत जे पाहतो ते जुन्यांना दिसेनासं झालेलं असतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुपरवायझरने त्याला एकच विचारावं: ‘आधी जिथे होतास तिथे हे काम कसं करायचे?’ शेजारच्या कारखान्यांचं शहाणपण तुमच्याकडे चहाच्या कपात येतं. बक्षीस द्यायचं तर कायम कामगाराइतकंच आणि त्याच कार्यक्रमात. पगाराच्या तफावतीबद्दल वरचं उत्तर पाहा.

९. जुनी माणसंच आडवी येतात. ‘वीस वर्षं हेच करतोय’ म्हणतात. काय करावं?

आधी त्यांना विचारा की हे पूर्वी करून पाहिलं होतं का आणि तेव्हा काय झालं. पुष्कळदा त्यांचं म्हणणं रास्त निघतं: त्या कूलंटने गंज येतो, त्या फिक्स्चरमध्ये चिप्स अडकतात. मग त्यांनाच म्हणा की ट्रायलला उभे राहा आणि कुठे फसेल ते आधी सांगा. विरोध करणारा माणूस परीक्षक झाला की त्याच्या अनुभवाचा उपयोग होतो आणि मानही राहतो.

नव्याला विरोध हा अडाणीपणा समजू नका. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वर्षभराचं पीक पणाला लावणाऱ्याने शंका घ्यायलाच हवी. नांगर चालताना बघितल्यावरच ती फिटली.

१०. साहेब नाही म्हणाले. गुपचूप करून पाहू का?

थ्री-एम या अमेरिकन कंपनीतल्या रिचर्ड ड्र्यूंनी १९२० च्या दशकात हेच केलं. ते सँडपेपरचे नमुने घेऊन गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जायचे. दुरंगी रंगकामाच्या वेळी लावलेला कागद काढताना रंग निघतो, हे बघून त्यांनी नवी चिकटपट्टी बनवायला घेतली. कंपनीतले वरिष्ठ विल्यम मॅकनाइट यांनी त्यांना आपल्या कामाकडे वळायला सांगितलं, ते वळले नाहीत आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली. मॅकनाइट यांनी पुढे कंपनीत चुका सहन करण्याचं आणि जबाबदारी खाली सोपवण्याचं तत्त्वच लावून धरलं.

गोष्ट छान आहे, पण ती प्रयोगशाळेतल्या चिकटपट्टीची आहे. काही जागी गुपचूप काहीही करायचं नाही. मशीनचे गार्ड, सेन्सर, इंटरलॉक यांना हात लावायचा नाही. वाहन उद्योगात ग्राहकाने पीपॅपमध्ये (उत्पादनाआधी घ्यायच्या मंजुरीत) मंजूर केलेली प्रक्रिया, मटेरियल किंवा टूलिंग परवानगीशिवाय बदलायचं नाही, मग बदल कितीही चांगला असो. औषध कारखान्यांतही बदलाला मंजुरीची ठरलेली वाट आहे. तिथे बाजूच्या सुट्या मशीनवर, स्क्रॅपच्या तुकड्यांवर ट्रायल घ्या, फोटो काढा, आकडे लिहा आणि पुन्हा साहेबांकडे जा. तोंडी ‘साहेब, असं केलं तर?’ याला जो नकार मिळाला तो हातात तयार पीस असताना मिळेलच असं नाही.

११. थ्री-एमसारखा, कामाच्या वेळेतला पंधरा टक्के वेळ माणसांना स्वतःच्या कल्पनांसाठी मोकळा आम्ही देऊ शकतो का?

आयटीत ताशी बिलिंग असेल आणि शॉपवर शिफ्टचं टार्गेट असेल, तर पंधरा टक्के कागदावरच राहतील. ते जाहीर करून न देण्यापेक्षा न जाहीर केलेलं बरं.

वेळेबद्दल खरा धडा वेगळा आहे. थ्री-एममध्येच स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये एक कमकुवत गोंद सापडला, जो चिकटायचा आणि सहज निघायचा. कोणाला उपयोग सुचेना. ते वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना त्याबद्दल सांगत राहिले. १९७४ मध्ये आर्ट फ्राय यांना चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकात खुणेचे कागद टिकवायला तो आठवला. पोस्ट-इट अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आलं १९८० मध्ये. बारा वर्षं एक निरुपयोगी गोंद कोणी फेकून दिला नाही, आणि दोन वेगळ्या विभागांतली माणसं एकमेकांचं ऐकत होती.

छोट्या कारखान्यात मेंटेनन्सच्या शटडाउनमधला तास-दोन तास, टूल बदलाचा वेळ एवढं बाजूला काढता येतं. भोसरी-पिंपरीकडचे काही मालक गुरुवारच्या सुट्टीत ‘आवड म्हणून’ माणसांना बोलावतात. ओव्हरटाइम देणार असाल तरच बोलवा.

१२. एक माणूस अफाट हुशार आहे, पण सगळ्यांना तुच्छ लेखतो. त्याच्याशिवाय काम अडतं. ठेवावं का?

विल्यम शॉकली यांना ट्रान्झिस्टरवरच्या कामासाठी बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यासह १९५६ चं नोबेल मिळालं. त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढली, उत्तम तरुण निवडून आणले आणि संशयाने, अपमानाने त्यांना इतकं छळलं की १९५७ मध्ये आठ जण एकत्र बाहेर पडले. त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू केली. त्या आठांतले रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल स्थापन केली. शॉकलींच्या कंपनीचं काही झालं नाही.

त्याला स्वतंत्र तांत्रिक काम द्या, पगार चांगला द्या, पण हाताखाली माणसं देऊ नका. आणि ‘त्याच्याशिवाय अडतं’ हा तुमच्या कंपनीचा वेगळा आजार आहे. त्याला माहीत असलेलं कागदावर उतरवायला आजच सुरुवात करा.

१३. मी सरकारी कार्यालयात आहे. इथे नियमाबाहेर काही करताच येत नाही. मग?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी तिथल्या कार्यालयाची घडी बदलली: फायलींची वर्गवारी, नको ते दप्तर काढून टाकणं, बसण्याची मांडणी, कोणाकडे कोणतं काम हे लोकांना दिसणं. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव तेव्हापासून महसूल खात्यात रुळलं. अडचण अशी की साहेबांची बदली झाली की पद्धतही बदलीवर जाते. म्हणून बदल करताना तो कारकुनाचं स्वतःचं काम हलकं करतो का, हे आधी बघा. काम हलकं होत असेल तर तो टिकवायला साहेब लागत नाही.

१४. मी नोकरीत असताना काढलेल्या युक्तीवर हक्क कोणाचा? पेटंट कोणाच्या नावावर?

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार अर्ज खऱ्या आणि पहिल्या शोधकाला करता येतो, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिले त्याला. नोकरदाराला मोबदला किती द्यायचा याची वेगळी तरतूद त्यात नाही. जर्मनीत तशी १९५७ पासून आहे. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक सगळं तुमच्या नेमणूकपत्रावर ठरतं आणि त्यात ‘नोकरीच्या काळातले शोध कंपनीचे’ असं कलम बऱ्याचदा असतं. सही करण्यापूर्वी ते वाचा. पेटंट कंपनीच्या नावावर गेलं तरी शोधक म्हणून तुमचं नाव त्यात नोंदवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती मागा.

मालकांनी शूजी नाकामुरांचं प्रकरण वाचावं. निळा एलईडी काढल्याबद्दल निचिया कंपनीने त्यांना सुमारे २० हजार येन दिले. ते कोर्टात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायला सांगितले; अपिलात २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ मध्ये नाकामुरांना याच कामासाठी, आणखी दोघांसोबत, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक व्यवहाराची सूचना: पेटंटचा विचार असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत ती युक्ती प्रदर्शनात, व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा व्हिडिओत दाखवू नका. आधी जाहीर झालेली गोष्ट नवी ठरत नाही. मोठी रक्कम गुंतली असेल तर पेटंट एजंटचा सल्ला घ्या.

१५. कल्पना माझी, श्रेय साहेबांनी घेतलं. आता काय?

झालं ते परत मिळवायला भांडण्यात फारसं हाती लागत नाही. पुढच्या वेळी कल्पना तोंडी सांगण्याआधी दोन ओळींचा ईमेल किंवा मेसेज पाठवा, तारखेसकट, आणि ट्रायलच्या रिपोर्टवर तुमचं नाव असेल असं बघा. ज्यांनी ट्रायलमध्ये मदत केली त्यांची नावं तुम्ही स्वतः आधी लिहा. मग तुमचं नाव गाळणं साहेबांना अवघड जातं.

मालकांसाठी: सुपरवायझरच्या अप्रेझलमध्ये ‘तुझ्या हाताखालच्या किती वेगवेगळ्या माणसांच्या सूचना अमलात आल्या’ हा मुद्दा घाला. मग खालच्याचं नाव पुढे करण्यात त्याचाच फायदा असतो. एकूण सूचना मात्र मोजू नका. एका ब्रॅकेटच्या चार चिठ्ठ्या करून टार्गेट पूर्ण करणारे हुशार लोक प्रत्येक कंपनीत असतात. मोजायचंच असेल तर उत्तराला लागलेले दिवस मोजा, आणि सहा महिन्यांनी त्या सूचनांपैकी किती अजून वापरात आहेत ते शॉपवर जाऊन बघा.

१६. हे सगळं केलं तरी कंपनी बुडू शकते का?

हो. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. कोडॅकमध्ये हुशार माणसं होती, प्रयोगशाळा होती, पेटंटंही होती. पण कमाई फिल्ममधून होत होती आणि त्या कमाईला धक्का लावणारा निर्णय घ्यायचा होता तो वरच्या मजल्यावर. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. खालच्या माणसाची चिठ्ठी वाचून आठ दिवसांत उत्तर देणं सुपरवायझरच्या हातात आहे. ज्या चिठ्ठीने आपल्याच धंद्याचा पाया हलतो, तिला उत्तर मालकालाच द्यावं लागतं.